ब्रिन हेलिगच्या अकरा विटा

वीट हातात आली की एम्लिन पॅरी आधी ती वाजवून बघायचा. थापीच्या दांड्यानं एक हलका ठोका. पक्की भाजलेली वीट खणकन बोलते. आतून कच्ची राहिलेली नुसतीच थप करते, ओल्या पोत्यावर मारावं तशी. चाळीस वर्षं क्लुइडच्या खोऱ्यात गवंडीकाम केलेल्या या माणसाचा माणसांपेक्षा विटांवर जास्त भरवसा होता. त्याची बायको मेन्ना त्याला म्हणायची, "लग्नाआधी मलाही ठोकून बघितलं होतंस की काय?" त्यावर एम्लिन मिशीतल्या मिशीत हसायचा. बोलणं बेतानं आणि खोटं कधीच नाही, अशी त्याची ख्याती होती. चॅपलमध्ये पहिल्या बाकावर बसणाऱ्या वडीलधाऱ्यांत त्याला जागा मिळाली होती ती त्यामुळेच.

सन एकावन्नच्या ऑक्टोबरात इवोर ट्यूडरनं त्याला ब्रिन हेलिगवर बोलावलं. काम साधं होतं. स्वयंपाकघरातल्या मोठ्या चुलीवरची भिंत फुगली होती, ती उतरवून पुन्हा चढवायची.

ब्रिन हेलिगचं घर त्या खोऱ्यात वेगळंच दिसे. आजूबाजूची सगळी शेतघरं करड्या दगडाची, जमिनीला चिकटून बसलेली. हे एकटंच लाल विटांचं, उंच, दोन्ही टोकांना पायऱ्यापायऱ्यांची त्रिकोणी भिंत असलेलं. साडेतीनशे वर्षांपूर्वी समुद्रापलीकडे व्यापार करून आलेल्या कुणा पूर्वजाला तिकडची घरं आवडली, आणि दगडांच्या मुलखात त्यानं विटांचं घर बांधलं. पण गावाची भीड त्यालाही सुटली नसावी. खिडक्यांच्या चौकटी विटांच्याच, तरी वरून चुन्याचा हात देऊन त्या दगडी असल्याचा आव आणलेला. एम्लिनला त्याचं हसू यायचं. भिंती मात्र हातभराहून जाड आणि ओळंब्यात अशा नेमक्या, की टोपी काढून उभं राहावं.

एवढ्या विटांची माती आली कुठून, ते शोधायला लांब जायला नको. घराच्या उताराखालीच ती जागा होती. माती काढून काढून पडलेला खळगा पुढे पाण्यानं भरला आणि काठावर वाळुंजाची झाडं वाढली. घरची माणसं त्याला नुसता 'खड्डा' म्हणत. जेवढं घर वर उभं होतं, तेवढंच खाली रिकामं होतं.

एम्लिननं भिंत उतरवायला घेतली तेव्हा घरात इवोर, त्याची बायको नेस्टा आणि त्यांची पावणेपाच वर्षांची लाउरी एवढीच माणसं होती. इवोरची आई, जिला अख्खं गाव नाइन म्हणजे आजीच म्हणे, ती बाला गावी लेकीकडे गेली होती. नेस्टा रेक्सहॅमची, शहरातली. म्हातारी परत यायच्या आत घाणेरडं काम उरकावं, असा तिचा बेत.

"सासूबाई असत्या तर प्रत्येक विटेपाशी खुर्ची टाकून बसल्या असत्या," ती चहा ओतताना म्हणाली. "बरं झालं गेल्या."

तुळईच्या लगेच वरच्या थरात, चुन्याखाली, एम्लिनला त्या विटा लागल्या. अकरा. सगळ्या आडव्या, एक टोक खोलीकडे आणि दुसरं आत धुराकडे. वरचा चुना खरवडला तर प्रत्येकीत एक लहान पाऊल उमटलेलं. एम्लिनला नवल वाटलं नाही. ओल्या विटा पूर्वी उघड्यावर वाळत घालत. कुत्री, कोंबड्या, पोरं त्यांच्यावरून जात. त्यानं अशा कितीतरी पाहिल्या होत्या.

खोलीकडची टोकं खिळे आणि मांसाचे आकडे ठोकून ठोकून फुटली होती. धुराकडची काळी, पण धड. काळं धुतलं की जातं, तुटलेलं जोडता येत नाही. कुठलाही शहाणा गवंडी करेल तेच त्यानं केलं: विटा घासल्या, उलट्या फिरवल्या आणि धड टोक खोलीकडे करून बसवल्या.

दहाच. अकरावी वाजवून बघितली तर ती थप बोलली. अर्धकच्ची वीट चुलीच्या भिंतीत घालणं म्हणजे आपल्या नावाला बट्टा. ती त्यानं राडारोड्याच्या ढकलगाडीत टाकली, गाडी उतारावरून नेली, आणि तिसऱ्या वाळुंजापाशी खड्ड्यात ओतली. पाणी एकदा डुचमळलं आणि निवांत झालं.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी एकच्या सुमाराला, इवोर त्याच्या दारात उभा राहिला. टोपी हातात.

"धूर कोंडतोय का?" एम्लिननं विचारलं.

"धुराचं काही नाही." इवोरनं आधी मेन्नाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "नाइन आली परत काल. तुम्हाला बोलावलंय. आत्ताच... तीन वाजायच्या आत."

वाटेत धुकं होतं. इवोर गाडी हाकत तुटक तुटक सांगत राहिला. भिंत झाली त्याच आठवड्यापासून लाउरी रोज दुपारी तीन वाजता उठते आणि अनवाणी चालू लागते. हाक मारली तर ऐकू येत नाही. दाराला अडसर लावला, तर अडसर तसाच आणि पोरगी बाहेर. जाते खड्ड्याकडेच. डॉक्टर म्हणाला, झोपेत चालते. पण ती झोपेत नसते.

"आणि..." इवोर थांबला. घोडा पुढे जायला नाखूश होता. "परवा मीही तिथं होतो, मिस्टर पॅरी. काठावर. बूट काढून हातात घेतलेले. मेंढ्यांकडे निघालो होतो मी. तिथं कसा आलो, देवाशपथ, माहीत नाही."

एम्लिन भूतखेत मानणारा नव्हता. तो म्हणाला, "दमला असशील."

ब्रिन हेलिगचा कुत्रा फाटकातच बसून होता. आत यायचं नाव घेईना. स्वयंपाकघराचं दार उघडलं तसा एम्लिनच्या नाकात वास भरला. चुलीत लाकडं रसरसत होती, पाव भाजून नुकता बाहेर काढला होता, आणि तरी वास येत होता तो ओल्या मातीचा. नवी विहीर खणताना येतो तसा, गार.

नेस्टा बाकावर लाउरीला धरून बसली होती. पोरीच्या कमरेला शाल बांधून शालीचं दुसरं टोक तिनं स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं होतं. दीड महिन्यापूर्वी चेष्टा करणारी ही बाई आता ओळखू येत नव्हती.

"पायाशी बघा," ती हळूच म्हणाली.

दगडी फरशीवर पावलं होती. ओली, चिखलाची, अनवाणी, लहान मुलांची. एका मुलाची नव्हेत. मोठी, बारकी, एक तर इतकं बारकं की मूल नुकतं चालायला लागलं असावं. सगळी चुलीपासून निघून दाराकडे गेलेली. दाराकडून चुलीकडे येणारं एकही नव्हतं.

नाइन चुलीशेजारी काठी टेकून बसली होती. ऐंशीची बाई, पण डोळे सुईत दोरा ओवतील असे.

"ह्यू पॅरीचा मुलगा ना तू?" ती म्हणाली. "तुझा बाप इथं खिळा ठोकायचा तरी मला विचारायचा. तू भिंत उघडलीस, बाबा, आणि कुणालाच विचारलं नाहीस."

"विचारायला तुम्ही नव्हता, नाइन."

"नव्हते. तेही खरं." तिनं मान हलवली. "पावलांच्या विटा कशा बसवल्यास? बोटं कुणीकडे?"

एम्लिननं मनातल्या मनात ती वीट पुन्हा हातात घेतली, फिरवली, ठेवली. "खोलीकडे. दाराकडे."

"होती चुलीकडे," नाइन म्हणाली.

मग तिनं सांगितलं. घर बांधताना त्या पहिल्या ट्यूडरचा मुलगा मातीच्या खड्ड्यात बुडाला. त्याची आई वेडीपिशी झाली. वाळत घातलेल्या विटांत तिला एक वीट सापडली, पोरगा आदल्या दिवशी तिच्यावरून पळाला होता. ती तिनं भाजून घेतली आणि चुलीच्या भिंतीत बसवायला लावली, बोटं विस्तवाकडे. पोराला ऊब लागावी आणि त्यानं घरातच राहावं म्हणून. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक पहिल्या मुलाचं पाऊल त्याच खड्ड्याच्या मातीत घेतात आणि तसंच बसवतात. सासूनं सुनेला सांगायचं, सुनेनं तिच्या सुनेला. कागदावर कुठं नाही.

"हे घर म्हणजे त्या खड्ड्याचीच माती," नाइन म्हणाली. "ती आपलं माणूस परत मागत असते. आम्ही फक्त पोरांची तोंडं चुलीकडे वळवून ठेवतो."

"मला सांगितलं होतं यांनी," नेस्टा रडायला लागली. "लाउरीचा पाय मातीत दाबला तेव्हा मी हसले होते... विसरूनच गेले मी."

एम्लिननं हत्यारांची पिशवी उघडली. चुना दीड महिन्यांचा, पुरता घट्ट झालेला नव्हता. पहिली वीट सुटली. त्यानं ती फिरवली, बोटं आत, आणि सरकवली. मागून नेस्टाचा श्वास ऐकू आला. फरशीवरच्या पावलांची एक रांग, अगदी भिंतीकडची, त्याच्या डोळ्यांदेखत सुकून गेली. राहिली फक्त पांढुरकी धूळ.

त्यानं दुसरी फिरवली. तिसरी. पाचवी बसवताना त्याला भिंतीच्या आतून काहीतरी सुस्कारल्यासारखं वाटलं, धुराड्यात वारा शिरावा तसं. वारा नव्हता. दहावी, इवोरची, जागेवर गेली तेव्हा खिडकीबाहेरचं धुकं करडं झालं होतं.

"अकरावी?" नाइन म्हणाली.

एम्लिन मागे वळला. फरशीवर एकच रांग उरली होती. लहान, ताजी, पाण्यानं चमकणारी.

"ती कच्ची होती, नाइन. वाजली नाही."

"वाजणार कशी? सत्तेचाळीसच्या बर्फात जन्मली पोर. कोळसा नव्हता, भट्ट्या बंद. पावाच्या भट्टीत भाजली मी ती. कुठं आहे ती?"

त्यानं उत्तर द्यायच्या आतच घड्याळात तीन वाजले. नेस्टा किंचाळली. तिच्या मनगटाला शाल तशीच गुंडाळलेली होती. दुसऱ्या टोकाची गाठही तशीच होती, घट्ट, कुणी न सोडलेली. शालीच्या त्या वेढ्यात लाउरी नव्हती.

एम्लिन धावला. साठीला टेकलेला माणूस उतारावरून पोरासारखा धावला, कारण कुठं जायचं ते त्याला ठाऊक होतं. मागे इवोर. धुक्यात आधी वाळुंज दिसले, मग पाणी, आणि तिसऱ्या वाळुंजापाशी लाउरी. घोट्याभर पाण्यात उभी. रडत नव्हती.

"लाउरी, राणी, ये मागे," इवोर म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता.

"पाय निघत नाही, बाबा."

त्यानं तिला काखेत धरून ओढलं. चिमणीएवढी पोर, पण जागची हलेना. पाणी घोट्यावरून पोटरीशी आलं. पाणी चढत नव्हतं, पोर खाली जात होती. कच्ची वीट पाण्यात विरघळते. दीड महिना झाला होता. किती उरली असेल?

एम्लिननं बूट काढले, मोजे काढले, काठावर ठेवले आणि तो खड्ड्यात उतरला. पाणी सुरीसारखं होतं. कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. तो वाकला, तोंड पाण्याखाली गेलं, हात गाळात चाचपडू लागले. फुटके तुकडे, चुन्याची ढेकळं, मुळं. मग काहीतरी लोण्यासारखं मऊ, चौकोनी. चाळीस वर्षं विटा हाताळलेल्या बोटांना ते लगेच कळलं. अंगठ्यानं त्यानं वरचा खळगा शोधला, पावलाचा.

खळगा रिकामा नव्हता.

त्यात एक पाऊल होतं. लहान, थंड. त्याच्या अंगठ्याखाली बोटं हलली.

हे त्यानं पुढे कुणालाही सांगितलं नाही, मेन्नालाही नाही. त्यानं वीट दोन्ही तळव्यांवर खालून उचलली, पाळण्यातून झोपलेलं मूल उचलावं तशी, आणि वर काठावर इवोर पोरीसकट मागे आपटल्याचा आवाज आला. "सुटली! सुटली!"

आपण काठाला कसे लागलो, ते एम्लिनला आठवत नाही. पुढचं आठवतं ते स्वयंपाकघर, अंगावर घोंगडी, गरम ताक, आणि नाइन स्वतःच्या हातानं ती वीट पावाच्या भट्टीत सरकवते आहे. लाउरी चुलीपाशी झोपली होती. फरशी कोरडी होती. इवोरनं आपले जुने बूट देऊन त्याला घरी पोचवलं.

दुसऱ्या दिवशी कडक थंडी पडली आणि धुकं निवळलं. सकाळीच जाऊन एम्लिननं अकरावी वीट बसवली, बोटं विस्तवाकडे. लाउरी बाकावर बसून पाव खात होती आणि कुत्र्याला चोरून तुकडे देत होती. कुत्रा आत आला होता. एम्लिनला इतकं हलकं वाटलं की तो चॅपलमधलं एक भजन गुणगुणत बूट आणायला खड्ड्यावर गेला.

बूट ठेवले होते तिथंच होते, मोजे आत. काठावरचा चिखल रात्रीच्या थंडीनं दगडासारखा गोठला होता आणि कालचं सगळं त्यात जसंच्या तसं राहिलं होतं. इवोरच्या बुटांचे ठसे, येताना आणि पोरीला घेऊन जाताना. लाउरीची पावलं पाण्याकडे गेलेली. आणि बूट काढल्यावरची त्याची स्वतःची: मोठी, अनवाणी, डावा अंगठा बाहेर वळलेला. पाण्याकडे गेलेली.

परत आलेली कुठंच नव्हती.

त्यानं खड्ड्याला पूर्ण फेरी मारली. मग उलट फेरी मारली. वाळुंजांच्या मुळांतही पाहिलं.

किती वेळानं कोण जाणे, नाइन काठी टेकत उतार उतरून आली. तिनं चिखलाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. काठीच्या टोकानं काठ फोडून तिनं खालची ओली माती उकरली.

"बूट काढ," ती म्हणाली.

"नाइन, मी काही या घरचा नाही."

"आता झालास."

ऐंशीची म्हातारी त्या थंडीत गुडघ्यांवर बसली आणि तिनं साठीच्या माणसाचा पाय तान्ह्या मुलाचा घ्यावा तसा दोन्ही हातांत घेतला. माती गार होती. एम्लिनच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं ते पुसलं नाही.

या खेपेला त्यानं कसूर ठेवली नाही. महिनाभर वीट सावलीत वाळवली. विटांच्या कारखान्यात त्याचा चुलतभाऊ होता; त्याच्या ओळखीनं ती मोठ्या भट्टीत लावली, तीन दिवस, तीन रात्री. दरम्यान मेन्ना कुरकुरत होती, की हल्ली तुझे मोजे रोज ओले कसे, दिवसभर तर घरात असतोस. तो म्हणायचा, बूट जुने झालेत. जानेवारीत वीट हातात आली. लाल, सुबक, एकही तडा नाही. त्याच भट्टीतल्या शेजारच्या विटा त्यानं एकामागून एक वाजवून पाहिल्या. सगळ्या खणखणत होत्या.

ब्रिन हेलिगच्या स्वयंपाकघरात त्यानं अकराव्या विटेशेजारी जागा केली. चुना कालवला. मग, हाताची सवय, थापीच्या दांड्यानं तिला एक ठोका दिला.

थप.

त्यानं पुन्हा ठोकलं, दुसऱ्या टोकाला. थप. ओल्या पोत्यावर मारावं तसं.

नाइन चुलीपाशी बसली होती, पाठमोरी. हल्ली तिला कमी ऐकू येई. "वाजली का रे नीट?" तिनं विचारलं.

एम्लिननं वीट उचलली, बोटं विस्तवाकडे करून सरकवली आणि चुन्याचा जाड थर दिला.

"वाजली, नाइन," तो म्हणाला.

लाउरी बाकावरून उतरली. तिनं त्याच्या बुटांखाली, फरशीवर, पसरत चाललेल्या ओलीकडे पाहिलं आणि आईला न सांगता चुलीजवळचं फडकं आणून त्याच्या हातात दिलं.